मोरीतलं ठिबक

आमच्या शॉवरबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो आम्ही कधी वापरलेला नाही. अकरा वर्षांत एकदाच चालू झाला, वास्तुशांतीच्या दिवशी, आणि तेव्हाही त्याच्याखाली कुणी उभं नव्हतं. मेहुण्याने तो ‘चालू करून दाखवला’ आणि आम्ही सगळ्यांनी मोरीच्या दारात दाटीवाटीने उभं राहून तो पाहिला. आईने हात जोडले. गुरुजींना दक्षिणा द्यायची राहिली होती म्हणून कार्यक्रम तिथेच आटोपला.

शॉवरचा आग्रहही मेहुण्याचाच. तो कोथरूडला राहतो. पुण्यातल्या मेहुण्यांना नगरच्या घरात काय कमी आहे ते चप्पल काढता काढता दिसतं. ‘दाजी, शॉवरशिवाय आता कुणी बाथरूम बांधत नाही.’ मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी. मुळा धरणातून निघालेलं पाणी विळदला येतं, तिथून वसंत टेकडीवर चढतं, टेकडी उतरून सावेडीत पोचेपर्यंत बिचारं दमून जातं. त्याला पुन्हा मोटर लावून गच्चीवर चढवायचं आणि तिथून माझ्या टकलावर पाडायचं, कशासाठी? आमची अंघोळ एक बादली आणि एक तांब्या. पाहुणा असला तर दीड बादली. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ते बरोबर आहे. पण असावा.’

‘पण असावा’ म्हणून आमच्या घरात काचेचा डिनर सेट आहे, न वाजणारी पेटी आहे, व्यायामाची सायकल आहे जिच्यावर टॉवेल वाळतात. त्यात शॉवर आला.

तर हा शॉवर २०२४ च्या मे महिन्यात गळायला लागला. आयुष्यात कधी काम न केलेली माणसंच लवकर थकतात, हे मी बँकेत छत्तीस वर्षं पाहत आलो होतो, पण वस्तूंनाही तो नियम लागू असेल असं वाटलं नव्हतं. रात्री सव्वादोनला जाग आली. टप्. मी उशी कानावर घेतली. टप्. दोन टपांमधला काळ फार वाईट असतो. थेंबाचा आवाज सहन होतो, पण पुढचा थेंब आता पडेल, आता पडेल, ही जी वाट पाहावी लागते तिने माणूस उठून बसतो.

आम्ही पाईपलाईन रोडच्या एका आडगल्लीत राहतो. पत्त्यात पाईपलाईन आणि घरात गळती, हा विनोद मी करणार नाही. कुरिअरवाल्या पोरापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो करून झाला आहे.

पहिला उपाय आम्ही केला तो आवळण्याचा. गळणारा नळ दिसला की तो जोर लावून आवळायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मी झोपताना आवळून यायचो. माझं आवळणं कमी पडलं असणार अशी पक्की खात्री असल्याने बायको मागून जाऊन आवळायची. मुलगा जिमला जातो, त्यामुळे तो दोघांवर दया केल्यासारखा जाऊन आवळायचा. सकाळी कामवाल्या मावशी पदर खोचून आवळायच्या. जूनपर्यंत चौघांनी मिळून थेंबाचा वेग दुप्पट केला. पूर्वी दोन सेकंदांना एक पडायचा, तो सेकंदाला एक पडायला लागला. त्याच्यावर घड्याळ लावता आलं असतं.

गोष्ट घरातच राहिली असती, पण हा जिल्हा तसा नाही. ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन्ही गावं आहेत, तिथे नळ गळणं ही तुमची खाजगी बाब राहत नाही. आमचा दूधवाला हिवरे बाजारच्या बाजूचा. तिथे ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती, जमिनीत मुरला किती, प्यायला किती, पिकाला किती, आणि त्यावर कुणी काय पेरायचं ते ठरतं. ऊस आणि केळी यांना तिथे बंदी आहे. अशा हवेत वाढलेला माणूस दुधाचं माप उंच धरून उभा राहिला आणि म्हणाला,

‘काका, आत काय गळतंय?’

‘काही नाही हो, शॉवर.’

‘किती जातंय दिवसाला?’

मला सांगता येईना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खातेदाराकडे पाहायचो, ज्याला स्वतःची शिल्लक माहीत नसे. त्या दिवशी दूधही जरा पातळ वाटलं.

मग मी बसलो हिशेबाला. औषधाच्या दुकानात विचारलं तर कळलं, साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण मी थेंबाखाली धरून पाहिलं, मनगट भरून आलं, पण हिशेब जवळजवळ जुळला. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे तेवढे थेंब. म्हणजे दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर. वर्षाला सुमारे १,५७७ लिटर. पाच हजारांचा टँकर भरायला तीन वर्षं दोन महिने. निवृत्तीनंतर इतका समाधानाचा दिवस मला आला नव्हता. मी तो कागद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘एवढ्या वेळात वायसर बदलून झाला असता.’

वॉशरला आमच्याकडे वायसरच म्हणतात. मी एकदा दुकानात ‘वॉशर’ म्हणालो तर त्याने मला कपडे धुवायच्या मशीनचा पत्ता सांगितला होता.

हिशेबाचा कागद मी फ्रिजवर लावला, ही चूक झाली. पारनेरहून चुलतभाऊ आला होता, त्याने तो पाहिला. त्याची दीड एकर डाळिंबाची बाग आहे. तो मोरीत जाऊन उकिडवा बसला, पाच मिनिटं थेंबाकडे बघत राहिला आणि बाहेर येऊन मिशीतल्या मिशीत हसला.

‘अरे, माझा एक ड्रिपर तासाला चार लिटर सोडतो. तुझा दिवसाला चार. एका झाडाचं भागायचं न्हाई यात. पण बसवणाऱ्यानं बसवलाय झ्याक.’

‘बसवला नाही रे, बिघडलाय.’

‘बिघडू दे की. ठिबकला अनुदान असतंय. अर्ज टाक. फक्त मोरीचा सातबारा लागंल.’

हे सगळं चाललं असताना आईने निर्णय घेऊन टाकला होता. तिने शॉवरखाली बादली ठेवली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, माहेर-सासर दोन्ही पारनेर तालुक्यातलं, बहात्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे आणि सुकडी खाल्ली आहे. तिला पाण्याबद्दल कुणी काही शिकवायला गेलं तर ती फक्त डोक्यावरचा पदर नीट करते. संध्याकाळी ती साडेचार लिटरला थोडी कमी अशी बादली उचलायची आणि मागच्या दारी जाऊन तुळस, दोन गुलाब आणि न्हाणीच्या पन्हळीशी लावलेल्या अळूला घालायची. जुलैत त्या अळूची पानं सुपाएवढी झाली.

‘आई, नळ सोडून बादली भरून घेतली तरी तेच पाणी ना?’

‘तेच कसं? नळाचं घेतलं तर खर्च. पडलेलं घेतलं तर मिळकत.’

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण जमा आणि नावे यांतला फरक इतका स्वच्छ मला कुणी सांगितला नव्हता. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मात्र मी घरात कुणाला उच्चारू दिली नाही.

शेजारी इतिहासाचे निवृत्त सर आहेत. त्यांना कुठलीही घरगुती अडचण सांगितली की ते निजामशाहीत जाऊन येतात. ‘अहो, या शहरात कापूरवाडीकडून खापराच्या नळांतून पाणी आणलं होतं. भाजलेल्या मातीचे नळ! मोटर नाही, वीज नाही, नुसता जमिनीचा उतार. आणि तुम्हाला गच्चीवरून मोरीपर्यंत पाणी धड बंद करता येत नाही?’ मी मान खाली घातली. सर पुढे सरकले. ‘फेब्रुवारी १५९६. मोगलांनी सुरुंग लावून भुईकोटाच्या तटाला खिंडार पाडलं. चांदबिबीने ते एका रात्रीत बुजवून घेतलं. एका रात्रीत! तुमचं खिंडार केवढं आहे?’

‘अर्धा इंची.’

सरांनी पुढे काही बोलायचं टाळलं, यातच सगळं आलं.

चांदबिबीचा राग मनात ठेवून मी एका रविवारी कामाला लागलो. मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला पोरगा हसतमुख होता. ‘दोस्तों, बस पाँच मिनट का काम है,’ असं म्हणून त्याने एका हाताने चावी काढली, दुसऱ्या हाताने वायसर बदलला आणि तिसऱ्या हाताने स्वतःचं चित्रीकरण केलं. समजलं ते असं: चावी फिरवली की आतला पितळी दांडा खाली उतरतो, त्याच्या टोकाला रबरी वायसर असतो, तो पाण्याच्या तोंडावर बसतो आणि पाणी थांबतं. रबर झिजलं, कडक झालं किंवा बसायच्या जागी बोअरच्या पाण्याचा क्षार साचला की फट राहते. टप्. इतकं सोपं. फक्त आधी पाणी मागून बंद करायचं.

आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक नळाच्या गोड्या पाण्याची आणि एक बोअरच्या वापरायच्या पाण्याची. त्या दोन टाक्यांतून निघणाऱ्या पाइपांवर सहा चाव्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी प्लंबरने प्रत्येक पाइपवर रंगाने आकडे घातले होते, आणि कुठला आकडा कशाचा ते एका सिगारेटच्या पाकिटावर लिहून मला दिलं होतं. मी ते नीट ठेवलं होतं. नीट ठेवलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आकडे उन्हाने उडाले होते. फक्त एक ‘४’ शिल्लक होता, तोही उलटा वाचला तर वेगळाच दिसायचा.

मी गच्चीवर, मुलगा मोरीत, आणि मधल्या जिन्यात बायको, अशी आमची निरोपाची साखळी लागली. मी पहिली चावी बंद केली.

‘थांबलं का?’

‘थांबलं का?’ बायको खाली.

‘नाही,’ मुलगा.

‘नाही म्हणतो,’ बायको वर.

दुसरी. तिसरी. तिसरीला खालून ‘आई गं!’ असा आवाज आला. तो मुलाचा नव्हता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, अतिशय सज्जन मनुष्य, डोक्याला शिकेकाई चोळून बसले होते. त्यांनी दार किलकिलं करून फेसातून विचारलं, ‘काका, पाणी गेलं का?’ मी म्हटलं, ‘एक मिनिट.’ घाईत मी तिसरी उघडायला गेलो ती चौथी उघडली, जी आधी बंद होती. का बंद होती हे मला माहीत नव्हतं. ते लवकरच समजलं. चौथ्या चावीचा पाइप पुढे कुठेच जात नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याने सुचवलेल्या गच्चीवरच्या बागेसाठी तो काढून ठेवला होता, आणि त्याचं तोंड जिन्याकडे होतं.

बायको जिन्यात होती.

पुढचा संवाद मी इथे देत नाही. तेवढ्यात आई गोठ्यातली गाय धरून आणल्यासारखी बादली घेऊन जिन्याखाली पोचली होती, आणि ‘वाया घालवू नका रे’ एवढंच म्हणत होती.

तासाभराने, पाचवी आणि सहावी दोन्ही बंद केल्यावर, मोरीतला थेंब थांबला. मी शॉवरच्या चावीची टोपी उचकटली, आतला स्क्रू काढला, मूठ ओढली. निघाली! मला एकदम चांदबिबीच्या बरोबरीला गेल्यासारखं वाटलं. आता दांडा फिरवून बाहेर काढायचा. तो हलेना. पाच महिने चार माणसांनी आवळलेला दांडा तो. त्यात क्षार. पाना घसरला, बोटाचं साल गेलं, मी मोरीच्या ओल्या फरशीवर बसलो आणि विचार करू लागलो. याच शहराच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. मलाही पाच महिनेच मिळाले होते. पण त्यांच्या कोठडीत शॉवर गळत नसावा.

तेवढ्यात समोरचे सुभेदारसाहेब आले. नगरला लष्कराचं रणगाड्यांचं मोठं केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे १९९४ पासूनचं, आणि दर दोन गल्ल्यांना एक निवृत्त फौजी आहे जो ‘मी टँकचं इंजिन खोललंय’ या वाक्याने बोलायला सुरुवात करतो. साहेबांनी मोरीची पाहणी केली.

‘हटो. मी टँकचं इंजिन खोललंय.’

‘साहेब, पितळ आहे, जरा हळू.’

‘लोखंड असो की पितळ, एकदा कळलं पाहिजे कोण मोठं आहे ते.’

त्यांनी हातभर लांबीचा पाइप पाना आणला. दांड्याला लावला. एक पाय भिंतीला टेकवला. ‘एक, दो,’ म्हणाले. ‘तीन’ला कड् असा आवाज झाला आणि दांडा अर्धा सुभेदारसाहेबांच्या हातात आणि अर्धा भिंतीत राहिला. क्षणभर शांतता. मग वरून भाडेकरू ओरडले, ‘काका, आलं पाणी! मी चालू केलं गच्चीवर जाऊन!’

भिंतीतून जी धार आली ती समोरच्या भिंतीवर आदळून परत आली. साहेबांची बनियन, माझा चष्मा, फ्रिजवरून आणून हातात धरलेला हिशेबाचा कागद, सगळं न्हाऊन निघालं. अकरा वर्षांत त्या मोरीत पहिल्यांदा कुणीतरी शॉवर घेत होतं. साहेब डगमगले नाहीत. त्यांनी तळहात भोकावर दाबला आणि ‘मी इथे थांबतो, तुम्ही मदत आणा,’ असं म्हणाले. त्यांच्या आवाजात तीस वर्षांनी परत आलेला आनंद होता.

मदत आईने आणली. दुपारी उकडून दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस तिने कचऱ्यातून उचललं, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि सुभेदारसाहेबांना बाजूला करून, बत्त्याचे दोन ठोके घालून भिंतीत बसवलं. धार बंद. एक थेंबसुद्धा नाही. पुढचे तीन दिवस ते कणीस भिंतीत होतं आणि त्या तीन दिवसांत आमचा शॉवर अजिबात गळला नाही, ही नोंद मला प्रामाणिकपणे केली पाहिजे. मुलगा तर म्हणाला, ‘बाबा, राहू द्या.’ पण दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला मेहुणा येणार होता. आणि भिंतीतलं कणीस पाहून तो जे काही म्हणाला असता ते पुढची अकरा वर्षं पुरलं असतं.

मी तुटलेला दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून गावात गेलो. सावेडीची माणसं दिल्ली दरवाजाच्या आत जायचं म्हणजे ‘गावात’ जातात. हार्डवेअरच्या दुकानात मालकांनी पुडी उलगडली, दांडा उजेडात धरला आणि मोडलेला दागिना पाहून सोनार करतो तसा चेहरा केला.

‘कधीचं आहे?’

‘अकरा वर्षं झाली.’

‘हे बंद झालं आता. हाफ टर्न की फुल टर्न?’

‘आमच्याकडे टर्नच होत नव्हता, म्हणून तर…’

‘दाते किती?’

‘कुणाचे?’

दांड्याच्या डोक्याला बारीक दाते असतात, त्यांवर मूठ बसते, आणि ते मोजल्याशिवाय मूठ मिळत नाही. मी दुकानात उभा राहून दाते मोजले. एकदा अठरा आले, एकदा एकोणीस. नोटा मोजण्यात उभी हयात घालवलेला माणूस मी, माझ्यामागे रांग लागली. शेवटी मालकांनी अंदाजाने एक दांडा दिला, दोन वायसर दिले, पांढऱ्या टेपची गुंडाळी दिली, आणि ‘हे लागतंच’ म्हणून आणखी चार वस्तू दिल्या, ज्या कशाला लागतात ते मला आजही माहीत नाही. पण असाव्यात. घरी आणल्यावर कळलं की दांडा आखूड आहे. परत गेलो. मग लांब निघाला. तिसऱ्या खेपेला मालकांनी मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. इतके दिवस जाऊन मला शहरात एक नवीन ओळख झाली, हे काही कमी नाही.

मग प्लंबर. हे मी पहिल्याच दिवशी का केलं नाही, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. बायकोलाही तोच पडला होता, मे महिन्यापासून, दररोज. त्याला उत्तर नाही. पाच रुपयांच्या वायसरसाठी माणूस बोलवायचा म्हणजे आपण स्वतः कशाच्याच उपयोगाचे नाही, हे तीनशे रुपये देऊन मान्य करण्यासारखं आहे.

‘सर, पाच मिनिटांत येतो,’ प्लंबर म्हणाला. अर्ध्या तासाने फोन केला तर तो केडगावला होता. संध्याकाळी भिंगारला. दुसऱ्या दिवशी सुप्याला. ‘सर, निघालोच.’ तो सतत निघत होता. आमच्या दिशेने सोडून सगळ्या दिशांनी. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला, आम्ही जेवायला बसलो असताना, तो आला. भिंतीतल्या कणसाकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

‘हे कुणी केलं?’

मी सुभेदारसाहेबांचं नाव घेणार होतो, पण आई दारात उभी होती.

‘म्या.’

‘आजी, एक नंबर,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. ‘आणि बाकीचं?’

मी काही बोललो नाही. ‘सर, पाना आहे का?’ त्याने विचारलं. पाना आणायला विसरलेला प्लंबर आणि पाना असून उपयोग नसलेला मी, आम्ही दोघे मोरीत उकिडवे बसलो. त्याने गच्चीवर जाऊन एका चावीत पाणी बंद केलं. कुठल्या, ते मी विचारलं, त्याने सांगितलंही, आणि मी ते एका कागदावर लिहून नीट ठेवलं. भिंतीतला अर्धा दांडा त्याने छिन्नीने चार ठोक्यांत काढला. तोंडावरचा पांढरा क्षार खरवडला. माझे तिन्ही खेपांचे दांडे पाहिले, आपल्या खिशातून चौथाच काढला, तो बसवला. चार मिनिटं. वर आणखी एक मिनिट त्याने मला तुटलेल्या दांड्याचा वायसर दाखवण्यात घालवलं. रबराच्या मध्यभागी गोल चर पडला होता, सुरीने कापल्यासारखा.

‘सर, तुम्ही हे फार आवळत होता का?’

‘थोडंसं.’

‘त्याच्यानं कापला हा. जितकं आवळाल तितकं रबर कापतं, तितकं जास्त गळतं. पहिल्याच दिवशी हलक्या हाताने ठेवलं असतं तर अजून दोन वर्षं गेली असती.’ आणि मुलाकडे बघून म्हणाला, ‘आता दोन बोटांनी बंद करायचं. जोर न्हाई.’

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी बायकोकडे. बायको कामवाल्या मावशींचा विचार करत होती.

शॉवर गळायला लागला तेव्हा आम्ही अहमदनगरमध्ये राहत होतो. तो दुरुस्त झाला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता आणि आम्ही अहिल्यानगरमध्ये राहत होतो. जिल्ह्याच्या नावाची कागदपत्रं मुंबईहून दिल्लीला जाऊन आली तेवढ्या वेळात माझं वायसरचं काम झालं, म्हणजे मी फार मागे नव्हतो.

भाऊबीजेला मेहुणा आला. मी मुद्दाम त्याला मोरी दाखवली. नवी मूठ चकचकत होती. मी दोन बोटांनी शॉवर चालू केला, दोन बोटांनी बंद केला. आम्ही मिनिटभर कान देऊन उभे राहिलो. एक थेंब नाही.

‘वा, दाजी,’ तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघून, जरा आवाज खाली आणून, ‘बादली कुठंय? शॉवरनं अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही हो. आमच्याकडे पण आम्ही बादलीच घेतो.’

मी त्याला दीड बादली दिली.

दुपारी बायकोने अळूवड्या करायला घेतल्या. आई मागच्या दारातून रिकाम्या हाताने आली. अळूची पानं कडेने पिवळी पडली होती, चार माना टाकून होती. ‘पाणी घातलं नाही का?’ मी विचारलं. ‘कुठलं घालू?’ ती म्हणाली. ‘आता काही पडतच नाही.’

मी समजावून पाहिलं. नळाखाली बादली भरून दिली. तिने ती मोरीतच ठेवली. ते नळाचं पाणी, खर्चाचं. रात्री सगळे झोपल्यावर मी हळूच जाऊन शॉवरची मूठ केसभर सैल करून पाहिली. धार लागली. केसभर आवळली. बंद. पुन्हा सैल, पुन्हा धार. सेकंदाला एक थेंब काही जमेना. नवा वायसर फार प्रामाणिक होता, त्याला एक तर हो म्हणता यायचं नाहीतर नाही. अर्धा तास खटपट करून मी एकदाचं दोन थेंबांवर आणलं आणि झोपायला गेलो. पहाटे मोरीतून बाहेर आलेलं पाणी मेहुण्याच्या गादीपाशी पोचलं होतं.

सकाळी प्लंबरला फोन लावला.

‘बोला सर. पुन्हा गळायला लागलं का?’

‘नाही हो, तेच तर. ते जरा… गळेल असं करून द्यायचं होतं. पहिल्यासारखं. सेकंदाला एक.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘सर,’ तो म्हणाला, ‘ते काम तुम्हीच चांगलं करता.’